नळ कुठवर पोचला आहे

पहिला दिवस: गाडीत

कारखान्यातला कामगार कल्याण अधिकारी म्हणजे सहल काढणारा, गणपतीची वर्गणी गोळा करणारा माणूस, अशी बाहेर समजूत असते आणि ती अगदीच खोटी नाही. परंतु 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 49 व्या कलमाप्रमाणे पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्याला हे पद भरावेच लागे, आणि माझी सत्तावीस वर्षे त्या एका कलमाच्या आधाराने गेली. पाळणाघर, कँटीन, प्रथमोपचार, विश्रांतिकक्ष यांत ती गेली आणि शेवटची काही वर्षे ‘सीएसआर’ म्हणजे कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या नव्या खात्यात. निवृत्तीनंतर जमशेदपूर पाहायचे हे तेव्हाच ठरवले होते, कारण आमच्या धंद्यात त्या गावाचे नाव तीर्थक्षेत्रासारखे घेतले जाते आणि तीर्थक्षेत्रे एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावीत, असे माझे मत आहे.

नोव्हेंबरच्या मध्यात मुंबईहून सकाळी गीतांजली एक्स्प्रेस पकडली. भुसावळ, नागपूर, मग रात्री बिलासपूरची बाजू असा हा मार्ग आहे आणि दिवसभर खिडकीबाहेर कापूस व तुरीची शेते याखेरीज फारसे काही नव्हते. सोबत आणलेले कागद वाचत बसले. 2013 च्या कंपनी अधिनियमाचे 135 वे कलम मला जवळजवळ पाठ आहे: पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची आणि तीही कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य देऊन. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू झाले. त्यानंतर आमच्याकडे दर मार्चअखेरीस उडणारी धावपळ, शाळांना दिलेली बाके, त्या बाकांवर रंगवलेले कंपनीचे बोधचिन्ह आणि छायाचित्रासाठी रांगेत उभी केलेली मुले, हे सारे मी केलेले आहे. ते बोधचिन्ह केवढे असावे यावर एकदा दीड तास बैठक चालली होती. बाके किती उंचीची असावीत हे मात्र कोणी शिक्षकांना विचारले नव्हते आणि पहिलीतल्या मुलांचे पाय त्यांवरून अधांतरी लोंबकळत राहिले.

दुसरा दिवस: साकची, बिष्टुपूर आणि एक यादी

सकाळी चक्रधरपूर मागे पडले, साल वृक्षांची राने विरळ झाली, आदित्यपूरचे कारखाने आले आणि खरकाई नदीचा पूल ओलांडून गाडी टाटानगरला लागली. स्टेशनाचे मूळ नाव कालीमाटी. 1907 मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि सुवर्णरेखा व खरकाई यांच्या संगमाजवळचे साकची हे खेडे कारखान्यासाठी निवडले गेले. 1912 मध्ये इथे पोलादाची पहिली लगड निघाली आणि 1919 मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांनी गावाला जमशेटजींचे नाव दिले. जमशेटजींनी स्वतः यातले काहीच पाहिले नाही. ते 1904 मध्येच वारले. त्यांनी 1902 मध्ये दोराबजींना लिहिलेले पत्र मात्र इथे प्रत्येकाला ठाऊक असते: रस्ते रुंद ठेवा, त्यांवर सावलीची झाडे लावा आणि त्यांतले प्रत्येक दुसरे झाड लवकर वाढणारे असू द्या; फुटबॉल, हॉकी आणि बागांसाठी मोकळी जागा राखा; मंदिरे, मशिदी आणि चर्च यांना जागा नेमून द्या.

‘प्रत्येक दुसरे झाड लवकर वाढणारे’ या तपशिलाचे मला राहून राहून कौतुक वाटते. मोठ्या माणसांच्या पत्रांत दूरदृष्टी पुष्कळ सापडते, पण मधल्या पंधरा वर्षांत उन्हातून चालणाऱ्या माणसाचे काय, हा विचार क्वचितच आढळतो.

उतरण्याची सोय शहरातल्या सोनारी भागात एका निवृत्त अभियंत्यांच्या घरी होती. त्यांच्या पत्नीने चहाआधी पाण्याचा पेला पुढे केला आणि माझा हात पिशवीतल्या बाटलीकडे गेलेला पाहून ते हसले. “ताई, नळाचेच आहे. इथे आम्ही गाळत नाही, उकळत नाही.” कंपनीच्या क्षेत्रातले नळाचे पाणी थेट पिता येते, हा या शहराचा जुना लौकिक. पाणी, वीज, गटारे, रस्ते, कचरा हे सारे आधी कंपनीचा नगर विभाग पाहत असे. 2004 मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी झाली, ती जुस्को. तिचे नाव आता बदलले आहे, पण लोकांच्या तोंडी जुस्कोच आहे आणि नळ बिघडला की अजूनही “जुस्को को फोन करो” असेच म्हणतात.

दुपारी ज्युबिली पार्क पाहिला. दोनशेहून अधिक एकरांची ही बाग कंपनीने आपल्या पन्नाशीनिमित्त शहराला दिली आणि 1958 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ती खुली झाली. बाग सुंदर आहे, राखलेलीही उत्तम आहे. त्याहून अधिक सांगण्यासारखे मला सुचत नाही, कारण माझे सगळे लक्ष तोवर एका यादीत अडकले होते.

ही यादी कंपनीच्या इतिहासाविषयीच्या कोणत्याही प्रदर्शनात पाहायला मिळते. आठ तासांचा कामाचा दिवस: 1912. मोफत वैद्यकीय मदत: 1915. मुलांच्या शाळा आणि कल्याण विभाग: 1917. भरपगारी रजा, भविष्य निर्वाह निधी, अपघाताची भरपाई: 1920. प्रसूतिलाभ: 1928. नफ्यात वाटा देणारा बोनस: 1934. निवृत्तीचे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी: 1937. शेजारी कायद्यांची वर्षे मांडली की छाती दडपते. भविष्य निर्वाह निधीचा केंद्रीय कायदा 1952 चा, उपदानाचा 1972 चा आणि प्रसूतिलाभात पहिले पाऊल टाकणारा आपल्या मुंबई प्रांताचा कायदाही 1929 चा. प्रशिक्षणवर्गांत ही तुलना मी स्वतः कित्येकदा फळ्यावर लिहिली आहे आणि ‘उदार मालकाने कायद्याच्या आधी केलेले काम’ या मथळ्याखाली ती शिकवली आहे.

या यादीशेजारी दुसरी एक यादी ठेवायला हवी होती, हे त्या संध्याकाळी यजमानांच्या कपाटातली युनियनच्या इतिहासाची टिपणे चाळताना ध्यानात आले. 1920 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे पहिला मोठा संप झाला, गोळीबार झाला, माणसे मेली आणि त्याच संपातून कामगारांची संघटना जन्माला आली. 1922 मध्ये पुन्हा संप झाला. 1925 मध्ये गांधीजी येऊन गेले. 1928 चा संप तर कित्येक महिने चालला आणि सुभाषचंद्र बोस त्यात उतरले. पुढे ते इथल्या कामगार संघटनेचे अध्यक्षही झाले. दुसरीकडे हेही खरे की 1916-17 च्या सुमारास सिडनी आणि बिअॅट्रिस वेब यांच्यासारख्या लंडनच्या अभ्यासकांकडून कंपनीने स्वतःहून कल्याणकार्याचा सल्ला मागवला होता, आणि आठ तासांचा दिवस आला तेव्हा संघटना अस्तित्वातही नव्हती. म्हणून सारे संपानेच मिळाले असे म्हणता येत नाही आणि सारे मनाच्या मोठेपणाने दिले गेले असेही म्हणता येत नाही. दोन्ही याद्या एकाच फळ्यावर लिहिल्या असत्या, तर माझ्या वर्गातल्या तरुण अधिकाऱ्यांना अधिक उपयोग झाला असता.

तिसरा दिवस: पुलांच्या पलीकडे

या शहराचा भूगोल समजून घ्यायचा तर रिक्षाने पुलावरून पलीकडे जावे आणि परत यावे. स्टेशनाला लागून असलेली जुगसलाई ही वेगळी नगरपालिका आहे. सुवर्णरेखेपलीकडचे मानगो वेगळे, खरकाईपलीकडचे आदित्यपूर तर वेगळ्या जिल्ह्यात. बाहेरच्याला हे सारे मिळून एकच शहर दिसते, दुकाने सलग आहेत, माणसे रोज इकडून तिकडे कामाला जातात. रस्त्याच्या कडेची गटारे, दिव्यांच्या खांबांमधले अंतर आणि सार्वजनिक नळापाशी ठेवलेल्या बादल्यांची संख्या यांवरून मात्र आपण कोणाच्या हद्दीत आहोत हे सांगता येते. माझ्या नोकरीने मला या गोष्टी पाहण्याची खोड लावली आहे. कारखान्याची तपासणी करायची तर साहेबांच्या केबिनपासून सुरुवात करू नये, स्वच्छतागृहापासून करावी, असे आमचे एक जुने निरीक्षक सांगत.

हद्दींच्या मुळाशी जमिनीचा व्यवहार आहे. बिहारच्या 1950 च्या जमीन सुधारणा कायद्याने जमीनदारी गेली, कंपनीची जमीन सरकारकडे आली आणि कंपनी भाडेपट्टेदार झाली. पहिला पट्टा 1956 पासून चाळीस वर्षांचा धरला गेला. तो 1995 च्या अखेरीस संपला आणि 2005 मध्ये झालेल्या नूतनीकरणाची तीस वर्षे 1 जानेवारी 1996 पासून मोजली गेली. कामगारांच्या क्वार्टर्सभोवती जी माणसे येऊन राहिली, म्हणजे किरकोळ विक्रेते, घरकाम करणाऱ्या बाया, ठेकेदारांचे मजूर, निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावे लागलेले खुद्द कामगारही, त्यांच्या वस्त्या पट्ट्याच्या जमिनीवरच उभ्या राहिल्या. ‘86 बस्त्या’ हा शब्दप्रयोग इथे निवडणूक आली की हमखास ऐकू येतो. त्या नूतनीकरणाच्या वेळी या वस्त्यांची जमीन पट्ट्यातून वगळली गेली, पण रहिवाशांना मालकी हक्क देण्याचा प्रश्न तिथेच थांबला.

याला जोडूनच दुसरी गोष्ट येते. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने प्रत्येक शहराला निवडून आलेली नगरपालिका किंवा महापालिका मिळाली, पण त्याच 243-थ अनुच्छेदात एक परंतुक आहे: एखादी औद्योगिक आस्थापना जिथे नागरी सेवा पुरवत असेल, तिथे राज्यपाल त्या क्षेत्राला ‘औद्योगिक नगरी’ म्हणून जाहीर करू शकतात आणि मग तिथे नगरपालिका स्थापन करण्याची गरज राहत नाही. जमशेदपुरात 1924 पासून अधिसूचित क्षेत्र समिती आहे, ती सरकारी अधिकारी चालवतात. निवडून आलेली महापालिका या शहराने पाहिलेली नाही आणि ती हवी की नको, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे.

यजमानांचे मत ठाम होते: महापालिका नको. “पलीकडे जाऊन आलात ना? मग झाले तर.” त्यांच्या पत्नी भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता विचारले, “आणि पलीकडच्यांना विचारले का, त्यांना काय हवे?” हा वाद त्या घरात बरीच वर्षे चालू असावा, कारण दोघांनीही तो तिथेच सोडून दिला.

मला आमचे कँटीन आठवले. महाराष्ट्राच्या कारखाना नियमांप्रमाणे कँटीनची एक व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात कामगारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी बसतात. आमच्या समितीत रंगकाम खात्यातले एक गृहस्थ होते; ते दर बुधवारी स्वयंपाकघरात येत, मोठा डाव डाळीच्या पातेल्यात तळापर्यंत घालत, वर काढून तिरका करत आणि तूर डावाला चिकटते की पाण्याबरोबर वाहून जाते हे पाहत. वाहून गेली की वहीत नोंद. त्या वहीपायी माझे आणि ठेकेदाराचे कैक वेळा वाजले आहे, पण डाळ घट्ट राहिली ती त्या वहीमुळेच. व्यवस्थापनाने त्याआधी दोन वेळा स्वतःहून दर्जा तपासण्याची मोहीम काढली होती. तिची छायाचित्रे चांगली आली होती. एका कँटीनच्या डाळीसाठी कायद्याने निवडून आलेला माणूस लागतो आणि एका अख्ख्या शहराच्या पाण्यासाठी लागत नाही, हे मानगोच्या पुलावर उभे राहून कितीही उलटसुलट केले तरी मला नीट बसवता येईना. नळाचे पाणी उत्तम आहे हे मान्य करूनही बसेना.

आणखी एक हिशेब बदलला आहे. 1990 च्या दशकाच्या प्रारंभी कंपनीच्या कामगारांची संख्या पाऊण लाखाच्या वर होती. पुढच्या दीड दशकात ती जवळजवळ निम्मी झाली, तीही संप न होता, कारण मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्यांना निवृत्तीच्या वयापर्यंत वेतन देत राहण्याची योजना आखली गेली. ‘कंपनीचे शहर’ उभे राहिले ते घरातला एक माणूस कंपनीत आहे या गृहीतकावर. आता कंपनीच्या पगारपत्रकाबाहेरची घरेच बहुसंख्य आहेत, आणि कामगार कल्याणाचे शंभर वर्षांचे शहाणपण त्यांना लागू करायचे तर ते कोणत्या खात्यातून, हा प्रश्न राहतो. 135 व्या कलमाखालचे नियम तर स्पष्टच सांगतात की केवळ कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी केलेला खर्च सामाजिक दायित्वात धरता येणार नाही.

चौथा दिवस: नोआमुंडी

पहाटे निघालो. चाईबासा ओलांडले की रस्त्याची माती तांबडी होत जाते आणि नोआमुंडीच्या जवळ झाडांची पानेही तांबडी दिसू लागतात. इथली लोहखनिजाची खाण 1925 पासून चालू आहे. हा पश्चिम सिंहभूम जिल्हा, हो आदिवासींचा मुलूख. वाटेत गावांच्या कडेला मोठ्या दगडी शिळा आडव्या पडलेल्या दिसतात, त्या ससनदिरी, पूर्वजांच्या अस्थी ज्याखाली ठेवतात ते दगड. आमच्या गाडीचा चालक हो होता. त्याने एका शिळेजवळ गाडी हळू केली आणि म्हणाला, जमिनीचा कागद मागाल तर हा आमचा कागद.

कोल्हानच्या या भागात गावाचा प्रमुख मुंडा आणि अनेक गावांवरचा मानकी ही व्यवस्था ब्रिटिशांनी 1830 च्या दशकात विल्किन्सन यांच्या नियमांनी मान्य केली आणि ती आजही चालते. इथे कंपनीचे लोक गावात काही करायला निघतात तेव्हा आधी मुंडाकडे जावे लागते, आणि मुंडा एकटा ‘हो’ म्हणत नाही, बैठक बसवतो. गावाच्या कडेला अशीच एक बैठक झाडाखाली चाललेली दिसली. चालकाने विचारून सांगितले की तळे खोल करण्याची चर्चा आहे. बाहेरून आलेला तरुण नकाशा घेऊन उभा होता आणि बसलेल्यांपैकी एक म्हातारी काठीने जमिनीवर दुसराच नकाशा काढत होती. तिचे म्हणणे असे होते की गुरे ज्या बाजूने पाण्यावर उतरतात ती बाजू खोदली, तर पहिल्याच पावसात वासरे बुडतील. भाषांतर होऊन ते तरुणापर्यंत पोचायला वेळ लागला, मग त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि आपल्या नकाशावर एक रेघ खोडली. अर्धा तास मी तिथेच उभी होते. बाकांवरून लोंबकळणारे ते पाय मला पुन्हा दिसले.

खाणीत स्त्रिया अवजड डंपर चालवतात, हे ऐकून होते. 1952 च्या खाण अधिनियमाने स्त्रियांना भूपृष्ठाखाली आणि रात्रीच्या वेळी काम करण्यास मनाई होती. 2019 च्या प्रारंभी केंद्र सरकारने, स्त्रीची लेखी संमती आणि सुरक्षेची व्यवस्था या अटींवर, उघड्या खाणींतील रात्रपाळीची वाट मोकळी केली. त्याच सुमारास नोआमुंडीत स्त्रियांना ही यंत्रे चालवायला शिकवण्यास सुरुवात झाली. पाळी सुटल्यावर दोघी-तिघी भेटल्या. कौतुकाचे प्रश्न त्यांना पाठ झाले असावेत, म्हणून मी मूल कोणाकडे असते ते विचारले. एकीने सासूचे नाव सांगितले, दुसरी म्हणाली पाळणाघर आहे, पण पहाटेच्या पाळीला मूल उठवून न्यायचे म्हणजे जिवावर येते. माझ्या वेळच्या कामगार स्त्रियाही हेच सांगत. डंपर शंभर टनांचा झाला तरी पहाटे मूल उठवण्यात फरक पडलेला नाही.

इथे पैशाची तिसरी वाट लागू होते, जी जमशेदपुरात दिसली नव्हती. खाण व खनिजे कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. खाणमालकाने सरकारला जे स्वामित्वधन (रॉयल्टी) द्यायचे, त्याखेरीज त्याच्या 30 टक्के रक्कम, आणि 12 जानेवारी 2015 नंतर लिलावाने मिळालेल्या पट्ट्यांच्या बाबतीत 10 टक्के, या प्रतिष्ठानात भरायची आणि ती खाणीची झळ लागलेल्या गावांसाठीच वापरायची. बागेची भेट मालकाच्या मनावर अवलंबून असते आणि 2 टक्के नफ्यावर. हे पैसे मात्र खनिज बाहेर निघाले की नफा होवो न होवो द्यावेच लागतात. त्यांवर कंपनीचे बोधचिन्ह लागत नाही. ते सरकारी यंत्रणेतून जातात आणि सरकारी यंत्रणेच्याच गतीने जातात, ही त्यातली दुसरी बाजू. रात्री परतताना चालकाला मी त्याबद्दल विचारले. प्रतिष्ठानाचे नाव त्याला माहीत होते, त्यातून गावात काय आले याचा अंदाज नव्हता; कंपनीच्या दवाखान्याचा रस्ता मात्र त्याने न विचारता दाखवला होता.

पाचवा दिवस: मैदान आणि परतीची गाडी

बिष्टुपूरच्या गोपाळ मैदानावर ‘संवाद’ चालू होता. टाटा स्टीलच्या पुढाकाराने 2014 पासून बिरसा मुंडा यांच्या जयंतीला, 15 नोव्हेंबरला, सुरू होणारे हे आदिवासी संमेलन; देशभरातल्या जमातींचे लोक येतात, गातात, बोलतात, वैदू आपापल्या मुळ्या मांडून बसतात. नगाऱ्यांचा आवाज दोन रस्ते अलीकडूनच ऐकू येत होता. अशा समारंभांत आदिवासींना शोभेसाठी नाचवतात, हा माझा पूर्वग्रह होता आणि रंगमंचाकडे पाहताना तो पुरता गेला असे नाही. पण कडेच्या मंडपांत चाललेले वेगळे होते. एका ठिकाणी हो भाषेची वारंग क्षिती लिपी कशी गिरवायची हे एक शिक्षक दाखवत होते, आणि समोर शाळकरी मुलांपेक्षा त्यांचे आईबापच अधिक संख्येने बसले होते.

याच कंपनीच्या कलिंगनगरच्या प्रकल्पात 2 जानेवारी 2006 रोजी भिंत बांधण्याच्या कामाला विरोध करणाऱ्या आदिवासींवर पोलिसांचा गोळीबार होऊन तेरा जण मेले, हे या मैदानावर उभे राहून विसरता येत नाही आणि विसरूही नये. ते ओडिशात घडले, हे झारखंडात. जमाती मात्र राज्यांच्या सीमा पाहून वसलेल्या नाहीत. वैदूंच्या रांगेत ओडिशाहून आलेलेही होते. त्यांना मी काही विचारले नाही. त्यांच्या पुढ्यात गिऱ्हाईके होती आणि माझ्या गाडीला तीन तास उरले होते.

सोनारीतून निघताना यजमानांच्या पत्नीने बाटली मागून घेतली, नळाखाली भरली, पुसून हातात दिली आणि कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत सोबत आल्या.

संध्याकाळची गाडी आदित्यपूर सोडून पुढे गेल्यावर समोरच्या बाकावरच्या गृहस्थांना खोकल्याची उबळ आली. ते भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले, दुर्गला उतरणारे. मी बाटली पुढे केली. त्यांनी झाकण उघडता उघडता विचारले, “विकत घेतलेले आहे ना?” मी म्हटले, नाही, नळाचे. त्यांचा हात थांबला. “कुठल्या नळाचे?”

“सोनारीच्या.”

“मग ठीक,” म्हणाले, आणि अर्धी बाटली प्यायले.